टाकळ्याचे मोल

मृगाचा पाऊस पडून आठ-दहा दिवस झाले, की बोर्ली पंचतनच्या रस्त्यांच्या कडा, घरांमागची पडीक आवारे आणि शाळेच्या कुंपणाचा पायथा एका हिरव्या रोपाने भरून जातो. ते कोणी पेरीत नाही, त्याला कोणी खत घालीत नाही, आणि ते उपटून टाकले तरी पुन्हा उगवल्यावाचून राहत नाही. त्याचे नाव टाकळा. विदर्भात त्यालाच तरोटा म्हणतात, गोव्यात तायकिळो. शेतकऱ्याच्या लेखी ते तण आहे, ग्रामपंचायतीच्या लेखी पावसाळ्यानंतर साफ करावयाचा केरकचरा आहे, आणि आम्ही महाविद्यालयात जे अर्थशास्त्र शिकवितो त्याच्या परिभाषेत ती ‘मुक्त वस्तू’ आहे. म्हणजे जिला किंमत नाही, जी कोणीही घ्यावी आणि जिचा हिशेब कोणी ठेवू नये, अशी.

परंतु किंमत नसणे म्हणजे मोल नसणे नव्हे. ॲडम स्मिथने १७७६ साली पाणी आणि हिरा यांचे उदाहरण देऊन हा भेद मांडला, आणि त्यानंतर अर्थशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याने तो परीक्षेत लिहिला. परीक्षेबाहेर मात्र आपण तो सहसा विसरतो. बोर्लीच्या बाजारात पावसाळ्यात टाकळ्याचे वाटे मांडून बसलेल्या कातकरी बाईशी घासाघीस करताना आपण फक्त पाल्याचा भाव करीत असतो. त्या पाल्याबरोबर तिची एक विद्याही आपण विकत घेत असतो आणि तिचे पैसे कधीच देत नसतो, हे आपल्या ध्यानी येत नाही. प्रस्तुत लेखाचा विषय ती विद्या हा आहे.

घरातले ज्ञान

कोकणातल्या घराघरांत टाकळ्याचे दोन उपयोग ठाऊक असतात. पहिला अर्थातच भाजीचा. पावसाच्या आरंभी, फुलावर येण्यापूर्वीची कोवळी पाने खुडावयाची, देठ टाकून द्यावयाचे, आणि कांदा, लसूण व खोबरे घालून ती परतावयाची. कोणी त्यात भिजविलेली डाळ घालते, तर कोणी फणसाच्या आठळ्या. ही भाजी किंचित कडवट आणि सारक असते. उन्हाळ्यानंतर पोट साफ होण्यासाठी ती एक-दोनदा खावी, असे घरातल्या वडीलधाऱ्या बायका सांगतात. दुसरा उपयोग त्वचेच्या रोगांवरचा. टाकळ्याच्या बिया आंबट ताकात किंवा लिंबाच्या रसात वाटून गजकर्णावर लावावयाच्या, हा घरगुती उपाय पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे.

यातले काहीही शास्त्रबाह्य कुजबूज म्हणून सोडून द्यावे असे नाही. आयुर्वेदाच्या ग्रंथांत या वनस्पतीला चक्रमर्द म्हणतात, आणि तिचे दुसरे नाव आहे दद्रुघ्न. दद्रु म्हणजे गजकर्ण, आणि दद्रुघ्न म्हणजे त्याचा नाश करणारे. रोपाच्या नावातच त्याचा उपयोग गोवून ठेवण्याची ही रीत, ज्या समाजात बहुसंख्य माणसांना वाचता येत नव्हते त्या समाजात, स्मरणाची मोठी सोय होती. विद्वानाचा ग्रंथ आणि आजीचा पाटा-वरवंटा यांनी येथे एकच गोष्ट सांगितली आहे. ती खरी किती, हा प्रश्न मात्र दोघांनाही विचारला पाहिजे.

गोव्याच्या पुडीची कथा

या प्रश्नाचे उत्तर शोधताना आपल्याला कोकणपट्टीनेच थोडे खाली, गोव्याकडे जावे लागते. एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानच्या बाजारात ‘गोवा पावडर’ नावाची एक पिवळसर पूड विकली जात असे. गजकर्णावर ती गुणकारी मानली जाई. १८७४ साली कलकत्त्याचे डॉक्टर फेयरर यांनी तिच्याविषयी लिहिल्यावर इंग्लंडातील वैद्यक व्यवसायाचे तिच्याकडे लक्ष गेले. पुढे उलगडा झाला तो असा, की ही पूड मुळात गोव्याची नव्हतीच. ब्राझीलमधील अरारोबा नावाच्या झाडाच्या खोडात ती साठते, आणि पोर्तुगीज जहाजांतून ती गोव्यात उतरत असे. लंडनचे त्वचारोगतज्ज्ञ बाल्मॅनो स्क्वायर यांना याच दशकात असे आढळले, की गजकर्ण समजून ही पूड लावलेल्या एका रुग्णाचा सोरायसिस हा निराळाच चिवट रोग तिने बरा होत आहे. पुडीतील क्रियाशील द्रव्याला क्रायसारोबिन हे नाव मिळाले. पहिल्या महायुद्धात ब्राझीलचा पुरवठा तुटला तेव्हा जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी १९१६ साली तिच्याजवळचे एक द्रव्य प्रयोगशाळेत तयार केले. ते डायथ्रॅनॉल. सोरायसिसवरील उपचारांत त्याने पुढे अनेक दशके महत्त्वाचे स्थान राखले.

आता या कथेचा टाकळ्याशी संबंध काय? १९७५ साली आचार्य आणि चटर्जी या भारतीय संशोधकांनी टाकळ्यातील बुरशीनाशक द्रव्य वेगळे करून दाखविले. ते होते क्रायसोफॅनिक आम्लाचे अँथ्रोन, म्हणजेच गोव्याच्या त्या पुडीतील क्रायसारोबिनचा मुख्य घटक. जे द्रव्य समुद्र ओलांडून ब्राझीलहून गोव्यात येत होते आणि पैसे मोजून विकत घेतले जात होते, तेच द्रव्य गोव्याच्या आणि कोकणाच्या रस्त्याकडेला दर पावसाळ्यात फुकट उगवत होते. ज्या बाईने टाकळ्याच्या बिया ताकात वाटल्या तिला रसायनशास्त्राचा गंध नव्हता, पण तिचा अनुभव रिकामा नव्हता.

येथे घाईने टाळी वाजविण्याचा मोह होतो. तो आवरला पाहिजे. प्रयोगशाळेतील बुरशी मरणे आणि माणसाच्या कातडीवरील रोग बरा होणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. या वर्गातील द्रव्ये कातडीचा दाह करतात, हेही तितकेच सिद्ध आहे. डोळ्यांजवळ किंवा कोवळ्या त्वचेवर ती लावणे धोक्याचे आहे. तेव्हा कोणी हा लेख वाचून औषधोपचार सोडावा आणि बिया वाटावयास बसावे, असे मुळीच सुचवावयाचे नाही. सांगावयाचे इतकेच आहे, की परंपरेचे ज्ञान हा तपासण्याजोगा पुरावा आहे. तो तपासल्यावाचून स्वीकारणे हा भाबडेपणा होय, आणि तपासल्यावाचून फेकून देणे हाही भाबडेपणाच होय.

दुसऱ्या टोकाला काय घडते, तेही पाहावे. गेल्या दशकभरात आपल्या देशात गजकर्णाने साथीचे रूप धारण केले आहे. नेहमीच्या औषधांना दाद न देणाऱ्या बुरशीच्या एका प्रकाराला २०२० साली ‘ट्रायकोफायटन इंडोटिनी’ असे आपल्या देशाच्या नावावरूनच नाव पडले. त्वचारोगतज्ज्ञ या साथीचे एक मोठे कारण सांगतात ते असे : स्टेरॉइड मिसळलेली मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून सर्रास विकली आणि वापरली जातात. मलम लावताच खाज थांबते, लालसरपणा उतरतो आणि रुग्ण समाधान पावतो. आत बुरशी मात्र पसरत राहते. सरकारने २०१८ साली अशा मलमांच्या विक्रीवर चिठ्ठीचे बंधन घातले; पण कागदावरचे बंधन आणि दुकानाच्या फळीवरचा व्यवहार यांत अंतर राहतेच. आमच्या वर्गातली मुले पावसाळ्यात मानेवर, कमरेवर चट्टे घेऊन बसतात, आणि खिशात ती मलमाची नळी असते. आजीचा उपाय मागासलेला म्हणून टाकून दिला, आणि त्याच्या जागी आधुनिक वैद्यक आले नाही. आली ती आधुनिक वैद्यकाच्या वेष्टनातली अर्धवट माहिती. या मुलांनी जावयास हवे होते ते डॉक्टरांकडे.

ओळख हीच विद्या

आता मूळ मुद्द्याकडे वळू. टाकळ्याची विद्या ‘टाकळा गजकर्णावर चालतो’ या एका वाक्यात नाही. ते वाक्य कोणत्याही पुस्तकात मिळेल. विद्या आहे ती त्या वाक्याच्या आसपास : कोणता टाकळा, कोणत्या महिन्यातला, कोणता भाग, किती, आणि कोणाला देऊ नये.

बोर्लीला एका पावसात वाटा घेताना मी त्या विक्रेत्या बाईला सहज विचारले, की हा टाकळाच कशावरून? तिने एक डहाळी उचलून माझ्यापुढे धरली. “पानं मोजा, मास्तर. तीन जोड्या, आन्‌ टोकाला गोल. रानटाकळ्याची पानं टोकदार असतात, जोड्या जास्त. आन्‌ त्याला वास मारतो. ह्याला नाय.” वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकात टाकळा आणि रानटाकळा, म्हणजेच कासविंदा, यांतील भेद याहून फारसा निराळा दिलेला नाही.

हा भेद किती महत्त्वाचा आहे, हे पश्चिम उत्तर प्रदेशातील एका दुःखद प्रकरणावरून कळेल. तेथील जिल्ह्यांत वर्षानुवर्षे हिवाळ्याच्या सुमारास लहान मुले एकाएकी आजारी पडत. शुद्ध हरपे, आणि पुष्कळ मुले दोन-चार दिवसांत दगावत. हा मेंदूज्वर समजला जाई, आणि विषाणूचा शोध घेतला जाई. बिजनौरचे बालरोगतज्ज्ञ विपिन वशिष्ठ, वेल्लोरचे विषाणुशास्त्रज्ञ टी. जेकब जॉन आणि त्यांचे सहकारी यांनी २००७ च्या सुमारास दाखवून दिले, की हा विषाणू नसून विषबाधा आहे. मुले खेळता खेळता कासविंद्याच्या शेंगांतील बिया खात होती, आणि त्यातून यकृत, स्नायू व मेंदू यांवर एकदम आघात होत होता. टाकळ्याचे ते जवळचे भावंड. त्याच उकिरड्यावर, त्याच रस्त्याकडेला उगवणारे. मुलांना कोणी सांगितलेले नव्हते, एवढाच त्यांचा अपराध.

ज्या समाजात ‘याला हात लावू नको, त्याला वास मारतो’ असे सांगणारे कोणी तरी घरात असते, तेथे हे ज्ञान कोणाच्या नजरेत भरत नाही. ते नाहीसे झाल्यावर त्याची किंमत कळते, आणि ती फार मोठी असते. रानभाजी, रानऔषध म्हणजे निसर्गाने दिलेले निर्धोक अमृत, असा जो एक गोड समज आज शहरांत पसरत आहे, तो म्हणूनच घातक आहे. रान निर्धोक नसते. रानाची माहिती असलेले माणूस जवळ असले, तर ते वापरण्याजोगे होते.

हिशेबाबाहेरची माणसे

ही माणसे कोण आहेत? आमच्या किनारपट्टीत मुख्यतः दोन वर्ग. एक, घरातल्या वडीलधाऱ्या स्त्रिया, ज्यांचे श्रम राष्ट्रीय उत्पन्नाच्या आकड्यांत धरले जात नाहीत. दुसरा, कातकरी समाज. खैराच्या झाडापासून कात करणारे म्हणून त्यांना हे नाव पडले. जंगल तुटले, कायदे आले आणि तो धंदा संपला. आज वीटभट्टी, कोळसा आणि हंगामी मजुरी यांवर हा समाज जगतो. केंद्र सरकारने महाराष्ट्रातील ज्या तीन जमातींना विशेष दुर्बल आदिवासी गट म्हणून नोंदविले आहे, त्यांत कोलाम आणि माडिया गोंड यांच्याबरोबर कातकरी आहेत. ज्याला आपण सर्वांत गरीब म्हणून नोंदवितो, त्याच माणसाला आपल्या रानाचे सर्वांत अधिक ज्ञान असावे, ही विसंगती अर्थशास्त्राने तरी नजरेआड करू नये.

जगाने टाकळ्याला किंमत दिलेली नाही, असे नाही. त्याच्या व त्याच्या भावंडाच्या भाजलेल्या बियांचा चहा जपान-कोरियात पितात. चिनी वैद्यकात त्या डोळ्यांसाठी वापरतात. बियांपासून निघणारा डिंक पाळीव प्राण्यांच्या डबाबंद खाद्यात घट्टपणासाठी घालतात, आणि तो भारतातूनही निर्यात होतो. केंद्राच्या गौण वनोपजांच्या किमान आधारभूत किमतीच्या यादीत या बिया ‘पुवाड’ नावाने आहेत. म्हणजे बी गोळा करणाऱ्याला किलोमागे काही रुपये मिळू शकतात. पण बियांना भाव मिळाला म्हणजे विद्येला भाव मिळाला, असे होत नाही. बाजार वजन विकत घेतो. कोणती शेंग तोडावयाची नाही, हे ज्ञान काट्यावर चढत नाही.

३ जून २०२० रोजी निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर आदळले, तेव्हा या परिसराने ‘किंमत’ या शब्दाचा दुबळेपणा प्रत्यक्ष पाहिला. जिच्यावर कर्जे काढली होती ती सुपारी, जिच्यावर घर चालत होते ती नारळाची बाग, सारे एका दुपारी आडवे झाले. नवी सुपारी लावून उत्पन्न यावयास पाच-सात वर्षे लागतात. त्याच जूनच्या मध्यावर, उखडलेल्या बागांच्या कडेने टाकळा नेहमीसारखा उगवला. त्याने कोणाचे कर्ज फेडले नाही; पण ज्यांना तो ओळखता येत होता त्यांच्या ताटात तो होता. संकटकाळी उपयोगी पडणाऱ्या या राखीव ठेव्याला कोणत्याही बँकेच्या ताळेबंदात जागा नाही.

नोंदवही कशी असावी

मग करावयाचे काय? कायदा आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक स्थानिक स्वराज्य संस्थेने जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमावी आणि लोक जैवविविधता नोंदवही तयार करावी, असे सांगितले. बरीच वर्षे हे काम रेंगाळले. अखेर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१९ साली ३१ जानेवारी २०२० ही मुदत घातली, आणि ती न पाळणाऱ्या राज्यांना दरमहा दहा लाख रुपये भरण्यास फर्माविले. मुदतीच्या धाकाने नोंदवही पुरी होऊ शकते. विद्या तिच्यात उतरतेच असे नाही. ‘टाकळा – औषधी – त्वचारोग’ अशा तीन शब्दांची ओळ भरून रकाना पूर्ण होतो, आणि त्या ओळीचा कोणाला काडीचा उपयोग होत नाही. किंबहुना अपाय होऊ शकतो, कारण रानटाकळ्याचा इशारा त्या ओळीत नसतो.

नोंद कशी असावी याचा एक जुना नमुना आपल्या शेजारीच आहे. कोचीनचा डच गव्हर्नर व्हान ऱ्हीड याने मलबारच्या वनस्पतींवर जो ‘हॉर्टस मलबारिकस’ हा बारा खंडांचा ग्रंथ सिद्ध केला (१६७८–१६९३), त्यात माहिती देणाऱ्यांची नावे आहेत. इट्टी अच्युतन हा मलबारी वैद्य आणि रंगभट, विनायक पंडित व अप्पुभट हे तीन कोकणी विद्वान यांची प्रमाणपत्रे ग्रंथात छापलेली आहेत. त्यांतले कोकणी प्रमाणपत्र नागरी लिपीत आहे. परकीय सत्तेने, आपल्या व्यापारी लाभासाठी केलेले ते काम होते. तरीही ज्ञान कोणाकडून घेतले, हे त्यांनी साडेतीनशे वर्षांपूर्वी लिहून ठेवले. आपल्या स्वतंत्र देशाच्या नोंदवहीत, माहिती देणारीची इच्छा असल्यास, तिचे नाव येऊ नये काय?

याला आज आणखी एक कारण आहे. २०२३ मध्ये हा कायदा दुरुस्त झाला, आणि ग्रंथांत संहिताबद्ध झालेल्या पारंपरिक ज्ञानाच्या वापराला लाभवाटपाच्या तरतुदींतून सूट मिळाली. वैद्यांना व औषधनिर्मात्यांना ती सोयीची आहे, आणि तिच्या बाजूने सांगण्यासारखेही पुष्कळ आहे. पण चक्रमर्द ग्रंथात आहे, म्हणून टाकळ्याच्या व्यापारातून वाडीला काही मिळावे, या अपेक्षेला कायद्याचा आधार आता दुबळा झाला आहे. निदान श्रेय तरी मिळावे, आणि निदान ज्ञान तरी वाडीत टिकावे, ही मागणी माफकच म्हणावी लागेल.

यासाठी मोठ्या निधीची आवश्यकता नाही. किनाऱ्यावरील प्रत्येक महाविद्यालयात राष्ट्रीय सेवा योजनेचे विद्यार्थी आहेत. त्यांतले कित्येक याच गावांतून, याच वाड्यांतून येतात. एका पावसाळ्यात दहा वनस्पती घ्याव्या. प्रत्येकीचे स्थानिक नाव, हंगाम, वापरावयाचा भाग, करण्याची रीत, टाळावयाच्या व्यक्ती आणि तिच्यासारखी दिसणारी घातक वनस्पती, एवढे सहा रकाने भरावे. वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकाने ओळख तपासावी, डॉक्टराने इशारे तपासावे, आणि ज्या बाईने सांगितले तिला ती नोंद वाचून दाखवावी. चुकले असेल ते ती दुरुस्त करील. कृषी विभागाचे रानभाजी महोत्सव गेली काही वर्षे भरत आहेत. तेथे भाजीच्या शेजारी विषारी भावंडाचीही एक डहाळी ठेवावी, आणि दोहोंतला भेद समजावून सांगणाऱ्या बाईला त्या दिवसाचे मानधन द्यावे. व्याख्यात्याला मानधन देताना आपण कधी संकोचत नाही.

अर्थशास्त्राच्या २००९ च्या नोबेल पारितोषिकाच्या मानकरी एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी जगभरातील सामायिक कुरणे, पाणी आणि मासेमारी यांचा अभ्यास करून दाखविले, की सामायिक मालमत्ता अपरिहार्यपणे उद्ध्वस्त होते असे नाही. जेथे वापरणाऱ्यांनी आपापसांत नियम केले आणि पाळले, तेथे ती टिकते. टाकळा वापरल्याने संपणारा नाही. त्याच्याविषयीचे ज्ञान न वापरल्याने संपेल. आमच्या पिढीतल्या बहुतेकांना आज तो ओळखता येत नाही. ज्यांना येतो त्यांचे वय झाले आहे. या वर्षीचा मृग येईल तेव्हा वाटा घेताना भाव थोडा कमी करून मागण्यापूर्वी, आपल्या मुलाला त्या बाईसमोर उभे करावे आणि पाने मोजावयास सांगावे.